आयडल, इंडिकेटर आणि आपली जुनी गाडी

(कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या मांडणीचा मजकूर)



कायदा आणि समुपदेशनाच्या सत्रांनंतर कार्बोरेटरचं सत्र पाहून काहीजणी हसल्या. हसा. पण परवा रात्री मार खाल्लेल्या एका बाईला घेऊन आम्ही सरकारी दवाखान्यात निघालो होतो. तिचा नवरा मोटरसायकलवरून मागे येत होता आणि आमची गाडी दर चौकात बंद पडत होती. त्या वेळी सगळी कलमं पाठ असून उपयोग नव्हता.

आमची गाडी जुनी मारुती ८००, कार्बोरेटरची, हाताने चोक ओढायची. हे मॉडेल १९८३ साली आलं, २०१४ मध्ये त्याचं उत्पादन थांबलं. म्हणजे आज हाती येते ती गाडी कितीतरी जणांनी वापरलेलीच असणार. गॅरेजात गेलं की मेकॅनिक आपल्याशी न बोलता सोबतच्या पुरुषाशी बोलतो, मग तो पुरुष गाडी चालवत नसला तरी! याला उत्तर एकच. तक्रार नेमकी सांगायची. ‘गाडी नीट चालत नाही’ असं म्हटलं की बिल त्याच्या मनासारखं होतं.

आधी आयडल. ॲक्सिलरेटरवरून पाय काढल्यावरही इंजिन सावकाश फिरत राहतं, ते आयडल. गाडी बंद पडते तेव्हा इंजिन थंड होतं की गरम, हे पाहायचं. सकाळी थंड इंजिन चोक ओढल्यावर टिकत असेल तर घाबरू नका. मात्र इंजिन गरम झाल्यावर चोक पूर्ण आत ढकला. तो अर्धवट बाहेर राहिला तर काळा धूर येतो, पेट्रोलचा वास सुटतो, प्लग काळे होतात.

इंजिन गरम आहे, पाय काढताच गाडी बंद पडते, पण थोडी रेस दिली की छान चालते, असं असेल तर नीट ऐका. कार्बोरेटरमध्ये आयडलसाठी पेट्रोलची वेगळी, बारीक वाट असते. तिच्या जेटमध्ये कचरा अडकला की हेच होतं, कारण रेस दिल्यावर पेट्रोल दुसऱ्या, मोठ्या वाटेने येतं. इथे मेकॅनिक काय करतो? आयडलचा स्क्रू फिरवून रेस वाढवून देतो. गाडी बंद पडत नाही, आपण पैसे देऊन निघतो. कचरा तिथेच राहतो आणि पेट्रोल जास्त जळतं. म्हणून सांगायचं, ‘स्क्रूला हात लावू नका, आधी जेट काढून हवा मारा.’ अनेक कार्बोरेटरवर या वाटेत विजेवर चालणारा एक छोटा व्हॉल्व्हही असतो. इंजिन सुरू न करता नुसती चावी फिरवली की तो ‘टक्’ वाजतो. वाजला नाही तर त्याची वायर निघाली आहे का ते बघा. फुकटात काम होतं.

पेट्रोलची वाट तुंबणं ही मोटारीइतकीच जुनी गोष्ट. १८८८ मध्ये बर्टा बेन्झ नवऱ्याने बनवलेली गाडी त्याला न सांगता, दोन मुलांना घेऊन, जर्मनीत मानहाइमहून फोर्झहाइमला घेऊन गेली. वाटेत नळी तुंबली, ती तिने टोपीच्या पिनेने मोकळी केली.

आयडल आपोआप चढत-उतरत असेल आणि बॉनेटखाली ‘स्स्स’ ऐकू येत असेल तर रबरी नळीला चीर असते. हल्लीच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, जुनं रबर त्यासाठी बनलेलं नाही. बूस्टर असलेल्या गाडीत यासोबत ब्रेकही कडक लागू लागला, तर ती गाडी रस्त्यावर काढू नका. इंजेक्शनच्या गाडीत फिरवायला स्क्रू नाही, तिथे थ्रॉटल बॉडी आणि आयडलचा व्हॉल्व्ह काजळीमुक्त करून घ्यायचा.

आता इंडिकेटर. एका बाजूला तो घाईघाईने लुकलुकतो किंवा नुसताच लागून राहतो, दुसरीकडे ठीक चालतो. म्हणजे फ्लॅशर चांगला आहे, त्या बाजूचा बल्ब गेलाय किंवा होल्डर गंजलाय. चांगल्या बाजूचा बल्ब काढून इकडे लावून पाहा. पेटला तर नवा बल्ब घ्या. नाही पेटला तर होल्डर पॉलिश पेपरने घासा. दोन्ही बाजू बंद असतील तर हॅझर्डचं बटण दाबा. चारही दिवे लुकलुकले तर बल्ब ठीक आहेत, आणि बहुतेक गाड्यांत फ्लॅशर एकच असल्याने तोही ठीक. मग फ्यूज आणि स्टिअरिंगजवळची दांडी तपासायची. अशा वेळी ‘सगळं वायरिंग बदलावं लागेल’ असं कुणी म्हणालं तर उठून दुसरं गॅरेज गाठा.

दोन्ही तक्रारी एकत्र आल्या तर? उभ्या गाडीत इंडिकेटर मंद होतो, रेस दिली की उजळतो. बहुतेकदा आयडल फार उतरलेलं असतं किंवा बॅटरी, चार्जिंग, अर्थिंग यांपैकी काही कमजोर असतं. बॅटरीची टोकं आणि इंजिनापासून बॉडीला जाणारी अर्थची पट्टी साफ करून घट्ट करा, आधी गाडी बंद करून. ब्रेक दाबल्यावर मागचा इंडिकेटर विचित्र पेटला तर मागच्या दिव्याचं अर्थिंग पाहा.

खाजगी गाडीची नोंदणी १५ वर्षांनी संपते, पुढे पाच-पाच वर्षांसाठी वाढवून घ्यावी लागते. त्या तपासणीत दिवे बघतातच.

आमच्या गाडीत आता एक वही आहे. जी चालवेल तिने लिहायचं: कधी बंद पडली, गरम की थंड, दिवे लावले होते का. गॅरेजात वही पुढे ठेवली की बोलणं आपल्याशी होतं.

चहा झाला की बाहेर या, बॉनेट उघडून ठेवते. पदर खोचून, ओढणी काढून, वेणी बांधून या. इंजिन चालू असताना पंख्याच्या पट्ट्याजवळ कुणीही वाकायचं नाही.