भुंगेऱ्यांची रात्र

(रेडिओवरील भाषण)

वळवाचा पहिला चांगला पाऊस पडून गेला की शहाद्याच्या आसपास, जिथे जिथे ऊस आहे तिथे, संध्याकाळी सातनंतर वेगळीच लगबग सुरू होते. एकाच्या हातात बॅटरी, दुसऱ्याच्या हातात आकडा लावलेला बांबू, तिसऱ्याकडे पत्र्याचा डबा. माणसं कडुनिंबाखाली, बाभळीखाली जमतात, फांद्या गदागदा हलवतात आणि तपकिरी भुंगेरे टपटप खाली पडतात. हे हुमणीचे भुंगेरे. वेचायचे आणि रॉकेल घातलेल्या पाण्यात बुडवायचे. रॉकेल मिळेनासं झाल्यापासून आम्ही साबणाचं पाणी वापरतो. एक मादी पन्नास-साठ अंडी घालते. त्यातून निघालेल्या पांढऱ्या, वाकड्या अळ्या पावसाळाभर मुळं कुरतडतात. मग ऊस पिवळा पडतो आणि ओढला की सहज हातात येतो. ज्याचा आला आहे, त्याला त्या हलकेपणाबद्दल मी काही सांगायला नको.

आता अशाच भुंगेऱ्याची दुसरी गोष्ट. ब्रह्मपुत्रेच्या पात्रात माजुली नावाचं मोठं बेट आहे. तिथेही हुमणीच्याच कुळातल्या एका किड्यानं बटाटा, ऊस पोखरून काढला होता. आसाम कृषी विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी लोकांना भुंगेरे वेचायला सांगितलं, तसं आपल्याकडेही सांगतात. पण ते एक पाऊल पुढे गेले. हा किडा खाण्याजोगा आहे, पौष्टिक आहे, खा, असंही त्यांनी सांगितलं. तिथल्या मिसिंग, देवरी लोकांच्या जेवणात किडे पूर्वीपासून होतेच. त्यामुळे जे आपण डब्यात बुडवतो, ते तिकडे तव्यावर गेलं.

तुम्ही आत्ता ‘शी’ म्हणालात, हे मला इथे बसून ऐकू आलं.

पण मंगळवारच्या बाजारातून आणलेली सुकट आठवा. वांग्यात घातलेली. डोळे, मिशा, पाय, सगळ्यासकट आपण ती खातो आणि बोटं चाटतो. कोळंबी, खेकडा आणि नाकतोडा हे सगळे सांध्यासांध्यांच्या पायांचे, एकाच मोठ्या घराण्यातले. म्हणून तर ज्यांना कोळंबी-खेकडा सोसत नाही, अंगावर गांधी उठतात, त्यांनी किड्यांपासूनही लांब राहावं असं डॉक्टर सांगतात. आणि शाकाहारी मंडळींनी फार हसू नये. गोळ्या-चॉकलेटांवरची चकाकी पुष्कळदा लाखेची असते, आणि लाख हा किड्याच्याच अंगातून पाझरलेला पदार्थ. अमेरिकेचं सरकार तर पन्नास ग्रॅम गव्हाच्या पिठात किड्यांचे पंचाहत्तरपेक्षा कमी तुकडे असतील तर ते पीठ चालवून घेतं. जात्यावर दळणाऱ्या आपल्या आज्यांनी त्याहून बारकाईनं धान्य पाखडलं होतं.

महाराष्ट्रातच पाहायचं तर गडचिरोलीत भामरागडकडे चला. माडिया लोक झाडावरची लाल मुंग्यांची घरटी उतरवतात. ही मुंगी पानाला पान शिवते, आणि शिवायला दोरा वापरते तो स्वतःच्या अळीच्या तोंडातून निघणाऱ्या रेशमाचा. मुंग्या, अंडी, मिरची, मीठ, सगळं एकत्र वाटलं की आंबट झणझणीत चटणी तयार. चिंच घालावी लागत नाही, आंबटपणा मुंगीचाच. ओडिशातल्या मयूरभंजच्या अशाच चटणीला 2024 साली भौगोलिक मानांकन मिळालं. म्हणजे जळगावच्या केळ्याला मिळालं तेच.

बाहेरच्या जगाचं थोडक्यात सांगतो. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेनं 2013 साली यावर जाडजूड अहवाल काढला. जगात सुमारे दोनशे कोटी लोकांच्या आहारात किडे आहेत, असं त्यात म्हटलं होतं. थायलंडमध्ये रातकिडे पाळणारे वीसेक हजार शेतकरी त्यात नोंदले होते. रातकिड्याचं गणित सोपं आहे: साधारण दोन किलो खाद्यात किलोभर रातकिडे तयार होतात. पाणी, जागा कमी. युरोपनं 2022 च्या सुरुवातीला रातकिड्याला खाद्यपदार्थ म्हणून मान्यता दिली, सिंगापूरनं 2024 मध्ये सोळा जातींच्या किड्यांना. तिकडे त्याचं पीठ होतं, बिस्किटं होतात, वेष्टनावर ‘प्रोटीन’ असं मोठ्या अक्षरात छापतात.

मला मात्र एक पितळी ताट आठवतं. मी शाळेत वसतिगृहावर होतो. धडगावकडचा, म्हणजे अक्राणी तालुक्यातला, एक मुलगा माझ्या खोलीत होता. पहिल्या पावसाच्या रात्री व्हरांड्यातल्या दिव्याभोवती पंख फुटलेल्या उधईचा धुरळा उठला. यानं गुपचूप ताटात पाणी घेतलं आणि दिव्याखाली ठेवलं. किडे पाण्यात पडले, पंख गळाले. स्वयंपाकघरातल्या निखाऱ्यावर त्यानं ते भाजले, मीठ लावलं आणि मूठ आमच्यापुढे धरली. आम्ही हसलो. नुसते हसलो नाही, त्याला नाव पाडलं. ते नाव वर्षभर टिकलं. पुढच्या पावसाळ्यात दिव्याभोवती किडे तसेच आले, पण ताट काही आलं नाही.

तेव्हा रातकिड्याच्या बिस्किटांचं कौतुक करताना माझी जीभ जरा अडखळते. आणि कुपोषणावरचा उपाय म्हणून अक्राणीच्या पोरांनी किडे खावेत, असं कोणी शहाणा सुचवू लागला तर माझा त्याला विरोध आहे. त्या पोरांना डाळ हवी, अंडं हवं, तेल हवं. आपण पनीर खात बसायचं आणि गरिबाला किड्यांचे गुण सांगायचे, हे बरं दिसत नाही.

शिवाय आता शहाद्याच्या शिवारातला कुठला किडा खायचा? कापूस, पपई, ऊस, सगळीकडे फवारणी. हुमणीसाठी आम्ही वर्षानुवर्षं फोरेट हे कीटकनाशक टाकलं. सरकारनं 2020 च्या अखेरीस ते बंद केलं, तोवर जमिनीत किती गेलं याचा हिशेब कोणी ठेवला? फवारलेल्या रानातला नाकतोडा म्हणजे विषाची पुडी. मला दिसतो तो किडे कोंबड्यांना घालण्याचा रस्ता, तोही फवारणी नसलेल्या बांधावरच्या झाडांपुरता. युरोपनं 2021 मध्ये पाळीव किड्यांचं खाद्य कोंबड्यांना घालायला परवानगी दिली. आमच्या गावठी कोंबड्यांनी कोणाची परवानगी मागितलेली नाही. नांगरामागे धावत त्या हुमणी टिपतातच.

यंदा आमच्या बांधावर कडुनिंबाखाली भुंगेरे वेचायला अक्राणीकडचे एक बाबा मजुरीला आले होते. डबा भरत आला तसे त्यांनी दोन मुठी बाजूला काढल्या, फडक्यात बांधल्या.

मी विचारलं, “कोंबड्यांना का, बाबा?”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, फडक्याची गाठ आणखी आवळली, आणि म्हणाले, “हो, हो. कोंबड्यांनाच.”