गोजिरा राक्षस
(पनवेल येथील वसंत व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



अशा व्यासपीठावर संतवाङ्मय, इतिहास, अर्थकारण असे भारदस्त विषय शोभतात. तेथे मी जपानी चित्रपटांतला एक राक्षस घेऊन उभा आहे, याबद्दल आरंभीच आपली क्षमा मागतो. विषय कळवला तेव्हा चिटणीसांनी मला दोनदा विचारले, "जपानची औद्योगिक प्रगती, असे म्हणायचे आहे ना?" मी म्हटले, "नाही हो, राक्षसच." त्यांनी तो पत्रिकेत तसाच छापला आणि आपण एवढ्या उकाड्यात तो ऐकायला आलात. पनवेलकरांच्या उदारपणाला आणखी पुरावा नको.

ज्याला सारे जग गॉडझिला म्हणून ओळखते त्याचे मूळ जपानी नाव 'गोजिरा'. गोरिला हा एक शब्द आणि 'कुजिरा' म्हणजे देवमासा हा दुसरा. दोहोंची सांधेजोड करून ते नाव बनले. पण मराठी कानाला ते ऐकताच पाळण्यातले मूल आठवते. साजिरागोजिरा! पन्नास मीटर उंच, आगगाडीचा डबा दातांत धरून उचलणारा, तोंडातून किरणोत्सर्गाची वाफ सोडणारा हा प्राणी, आणि नाव काय, तर गोजिरा. हा निव्वळ योगायोग आहे. भाषाशास्त्र्यांनी घाबरून जाऊ नये. परंतु माझा आजचा प्रश्न या योगायोगातच दडलेला आहे. राक्षस गोजिरा कसा होतो? १९५४ साली पडद्यावर आलेल्या एका रबरी राक्षसावर, सत्तर वर्षे उलटून गेल्यावरही, जगभरची शहाणीसुरती माणसे माया का करतात?

प्रथम माझा अपराध कबूल करतो. कॉलेजात असताना आम्ही मित्रांनी भाड्याने व्हिडिओ आणून या मालिकेतला एक चित्रपट पाहिला. दोन राक्षस एकमेकांना ढकलीत होते, पुठ्ठ्याच्या इमारती कोसळत होत्या, आणि एकाच्या पोशाखाला गुडघ्यापाशी चुण्या पडल्या होत्या. आम्ही पोट धरधरून हसलो. हा पोरखेळ आहे असे ठरवून मी मोकळा झालो. पुढे पुष्कळ वर्षांनी पहिला, मूळचा 'गोजिरा' पाहण्याचा योग आला. तो काळापांढरा चित्रपट संपला तेव्हा मात्र मी हसत नव्हतो.

त्याचे कारण समजण्यासाठी १९५४ हे साल डोळ्यांपुढे आणले पाहिजे. हिरोशिमा आणि नागासाकीला नऊच वर्षे झाली होती. त्या वर्षी १ मार्च रोजी अमेरिकेने पॅसिफिक महासागरातील बिकिनी बेटांवर हायड्रोजन बाँबची चाचणी घेतली. स्फोट अपेक्षेहून कितीतरी मोठा झाला आणि दूरवर मासे धरीत असलेल्या एका जपानी नौकेवर पांढरी राख पडू लागली. नौकेचे नाव 'डाइगो फुकुर्यू मारू', म्हणजे 'भाग्यवान ड्रॅगन, क्रमांक पाच'. नावातच भाग्य होते! तिच्यावर तेवीस जण होते. सगळे आजारी पडले, आणि बिनतारी यंत्रावर काम करणारा कुबोयामा आइकिची २३ सप्टेंबरला मरण पावला. जपानच्या बाजारात मासळी घ्यायला लोक धजेनात. खाडीकाठच्या आपल्या गावाला मी याचा अर्थ वेगळा सांगायला नको. ज्या समुद्राने पोसायचे त्याचीच दहशत बसली.

कुबोयामाच्या मृत्यूला सहा आठवडेही झाले नव्हते, तोच ३ नोव्हेंबरला तोहो कंपनीचा 'गोजिरा' प्रदर्शित झाला. त्याचा आरंभ एका जहाजावर होतो. खलाशी विसावलेले आहेत, एकाएकी समुद्र लखलखतो आणि जहाज पेटते. प्रेक्षागृहात बसलेल्या जपानी माणसाला त्या लखलखाटाचा अर्थ कुणी समजावून सांगण्याची गरज नव्हती. दिग्दर्शक होंडा इशिरो स्वतः लष्करात चाकरी केलेला. युद्धानंतर चीनमधून घरी परतताना त्याने हिरोशिमाचे ओसाड रूप डोळ्यांनी पाहिले होते. चित्रपटात एक लहानसा प्रसंग आहे. टोकियो जळत आहे, आणि एक आई रस्त्याच्या कडेला मुलांना पोटाशी धरून बसली आहे. ती त्यांना सांगते, आता आपण लवकरच बाबांकडे जाऊ. बाबा कोठे गेले ते ती सांगत नाही. या प्रसंगापुढे पोशाखाच्या चुण्या कोणाला दिसणार?

आता हा राक्षस घडवला कसा ते पाहू, कारण त्याच्यावरच्या मायेचे अर्धे उत्तर त्याच्या घडणीत आहे. करामतीच्या दृश्यांचे काम त्सुबुराया एइजी याच्याकडे होते. १९३३ सालचा अमेरिकन 'किंग काँग' पाहून तो भारावला होता. त्या चित्रपटात लहान बाहुली केसभर हलवायची, एक चित्र घ्यायचे, पुन्हा हलवायची, अशी रीत होती. तेवढा वेळ आणि पैसा तोहोपाशी नव्हता. तेव्हा उपाय एकच उरला: माणसाला राक्षसाचे सोंग द्यायचे आणि त्याच्या मापाचे शहर उभारायचे! पंचवीस पट लहान टोकियो बांधले गेले. दिवाळीत आपल्या अंगणात मुले किल्ला करतात, त्यावर अळीव पेरतात, मावळे मांडतात. तेच काम मोठ्या माणसांनी जीव ओतून केले, असे समजा. कॅमेरा नेहमीपेक्षा वेगाने फिरवून चित्रे घेतली, म्हणजे पडद्यावर चाल मंद आणि वजनदार दिसे. गर्जनेसाठी संगीतकार इफुकुबे आकिराने डबल बास या थोरल्या तंतुवाद्याच्या तारा सैल केल्या आणि राळ लावलेला चामड्याचा हातमोजा त्यांवरून ओढला.

आणि सोंगाच्या आत होता नाकाजिमा हारुओ नावाचा पंचवीस वर्षांचा तरुण. पहिला पोशाख शंभर किलोच्या घरात गेला. तो घालून चालणेच कठीण झाले, म्हणून दुसरा करावा लागला. तोही काही कमी जड नव्हता. आत वारा नाही, वर दिव्यांची धग. काही मिनिटांत घामाच्या धारा लागत. अजस्र जनावर चालते कसे हे समजावे म्हणून नाकाजिमा प्राणिसंग्रहालयात जाऊन हत्ती आणि अस्वले न्याहाळीत बसे. हा माणूस १९७२ पर्यंत बारा चित्रपटांत गोजिरा झाला, आणि त्या सोंगातून त्याचा चेहरा कधी दिसला नाही.

आता या चित्रपटांच्या चाहत्यांकडे वळतो. बाहेरच्या माणसाला वाटते, हे लोक भोळे. त्यांना हे सारे खरे वाटत असावे. वस्तुस्थिती अगदी उलटी आहे. आत नाकाजिमा आहे हे चाहत्याला पक्के ठाऊक असते. कोणत्या वर्षीच्या पोशाखाचे डोळे कसे होते, जबडा कसा होता, हे तो आपल्याला सांगू शकतो. वृद्ध नाकाजिमाला पाहण्यासाठी परदेशांतही चाहत्यांच्या रांगा लागत. २०१७ साली तो वारला तेव्हा, सोंगाआड राहिलेल्या या व्यक्तीसाठी लोक हळहळले.

हे परके वाटते का? मला तर यात आपले कोकणच दिसते. माझे बालपण दक्षिणेकडच्या एका खेड्यात गेले. शिमग्यात आमच्याकडे संकासुर येई. काळा अंगरखा, डोक्यावर उंच निमुळता काळा टोप, कमरेला घुंगुर, हातात छडी. घुंगराचा आवाज आला की मी आजीच्या पाठीमागे दडत असे. एका वर्षी तिच्या लुगड्याआडून माझी नजर संकासुराच्या पायांवर गेली. डाव्या अंगठ्याला नख नव्हते. तसा अंगठा गावात एकाच माणसाचा होता: शेजारच्या सुतारकाकांचा. आपणांस वाटेल, माझी भीती त्या क्षणी पळाली. मुळीच नाही. भीती होती तेवढीच राहिली. तिच्यात माया मात्र मिसळली. वर्षभर आमच्यासाठी भोवरे करून देणारे काका त्या चैत्राच्या तोंडच्या उन्हात काळ्या कापडात घामाघूम होऊन आम्हांला भीती दाखवीत होते, आणि तेही आमच्याचसाठी.

ही समज आपल्या चित्रपटाच्या पाळण्यातच आहे. दादासाहेब फाळके यांनी १९१९ साली 'कालिया मर्दन' काढला. त्यात कृष्ण झाली होती त्यांची मुलगी मंदाकिनी. चित्रपटाच्या सुरुवातीला फाळके काय करतात? ते प्रथम त्या मुलीचा चेहरा दाखवतात. राग, हसू, भय असे नाना भाव ती करून दाखवते, आणि मग आपल्या डोळ्यांदेखत तिचा कृष्ण होतो. म्हणजे दादासाहेब प्रेक्षकाला सांगतात: ही माझी पोर आहे, आणि आता हा कृष्ण आहे, दोन्ही ध्यानात ठेवा. पुढे तो डोहातल्या नागाशी झुंजतो. नाग बनावट आहे हे दिसत असूनही आपला श्वास रोखला जातो. कलेत फसवणूक नसते, संमती असते. करणारा घाम गाळतो आणि पाहणारा कळूनसवरून मान डोलावतो. गोजिरावरचे प्रेम हे या कराराचे प्रेम आहे.

यावर दोन आक्षेप येतात. पहिला असा, की हे केवळ बालपणाचे हळवेपण आहे. तसे असते तर त्या पिढीबरोबर ते संपले असते. पण २०२३ साली यामाझाकी ताकाशीने 'गॉडझिला मायनस वन' काढला, कथा पुन्हा युद्धाच्या राखेत नेली, आणि अवघ्या पस्तीस कारागिरांच्या तुकडीने केलेल्या दृश्यांना २०२४ मध्ये ऑस्कर मिळाले. राक्षस संगणकाने घडवला, माया तीच राहिली. दुसरा आक्षेप असा, की पुढच्या चित्रपटांत शोकाचा तमाशा झाला. शहर चिरडणारा गोजिरा पोरांचा कैवारी बनला. हे खरे आहे, आणि त्यांतले काही चित्रपट सुमार आहेत, हेही खरे. पण आपल्याकडे काय होते? ज्या वेताळाची भीती वाटते त्यालाच कोकणात आणि गोव्यात देवळात बसवतात, नारळ देतात आणि गावाची राखण त्याच्यावर सोपवतात. भीतीशी जन्मभर भांडता येत नाही. कधीतरी तिच्याशी सोयरीक करावी लागते. जपानने तेच केले.

आता आपल्या दाराशी येतो. गोजिरापासून स्फूर्ती घेऊन आपल्या मुंबईतही एक राक्षस निघाला होता, हे किती जणांना ठाऊक आहे? १९६६ सालचा हिंदी चित्रपट 'गोगोला', दिग्दर्शक बलवंत दवे, भूमिकांत आझाद आणि तबस्सुम. समुद्रातून एक अजस्र प्राणी वर येतो आणि मुंबईवर चालून जातो. संगीत रॉय आणि फ्रँक यांचे. त्यातले तलत महमूद आणि मुबारक बेगम यांचे एक युगुलगीत रसिक अजून ऐकतात. जाहिरातीची चित्रे आढळतात. चित्रपट मात्र हरवला आहे.

तो श्रेष्ठ होता असा माझा दावा नाही. न पाहिलेल्या चित्रपटाविषयी असा दावा कसा करू? कदाचित त्याच्याही गुडघ्याला चुण्या असतील. पण त्याच्याही पोशाखात कुणीतरी घामाघूम झाला असेल, आणि कुणीतरी पुठ्ठ्याची मुंबई बांधली असेल. जपानी राक्षस टिकला, कारण त्याच्यावर जीव लावणारे होते. आपण हसलो आणि विसरलो. 'कालिया मर्दन' आज पाहता येतो, कारण पुण्यात १९६४ साली राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय निघाले आणि पी. के. नायर यांच्यासारख्या माणसाने असे चित्रपट शोधून जपण्यात आयुष्य घातले. त्याच पुण्यात जानेवारी २००३ मध्ये साठवणीच्या जागेला आग लागून जुन्या, ज्वालाग्राही फितींची राख झाली. जपलेलेही जळते; न जपलेल्याचे काय सांगावे?

सुतारकाका गेले. त्यांचा मुलगा नोकरीसाठी शहरात आला. मी गावी गेलो तेव्हा संकासुराचा टोप माळ्यावर शोधला. वाळवीने त्याचा भुगा केला होता. त्या टोपाची एक फोटोसुद्धा आमच्यापैकी कोणी काढून ठेवली नाही. आम्हांला ते सोंग कायमचेच वाटत होते.

म्हणून आपणांकडे एक मागणे मागून थांबतो. पनवेल हे मुंबईच्या वाटेवरचे जुने गाव. १८५२ साली निघालेली आणि २०१६ साली महानगरपालिका झालेली आपली नगरपालिका, तिच्याहून जुने वाडे, आणि वाड्यांना माळे. तेथे सिनेमाची गाण्याची पुस्तके, हस्तपत्रके, सोंगांचे मुखवटे, शिमग्याचे फोटो पडलेले असतील. घर पाडण्यापूर्वी एकदा ते ट्रंकेतले कागद उन्हात पसरा. त्यांत काही सापडले तर रद्दीत देऊ नका. एखाद्या वाचनालयाला द्या, निदान त्याची नक्कल करून ठेवा. न जाणो, एखाद्या पुस्तकावर एक समुद्रातला राक्षस आपल्याकडे पाहत असेल. त्याला पाहून अवश्य हसा. मी हसलो होतोच. पण हसून झाल्यावर त्याला आत घ्या.