संगीतशिक्षकाची व्यासपीठावरील परीक्षा
(शिक्षक-मेळाव्यात दिलेले भाषण)



पोहणे शिकविणाऱ्याला पोहता येते की नाही, हे आपण आधी पाहून घेतो. गाणे शिकविणाऱ्याच्या बाबतीत मात्र बहुधा प्रमाणपत्रावर समाधान मानतो. त्याला चार लोकांसमोर बसवून गावयास लावावे की नाही, आणि लावल्यास किती वेळ, हा आजचा माझा विषय आहे. अमेरिकेतील महाविद्यालयांनी या प्रश्नाचे एक निश्चित उत्तर दिले आहे. ते प्रथम सांगतो.

त्या देशात सार्वजनिक शाळांतून संगीत शिकविण्यास बोस्टन शहरात १८३८ साली लोवेल मेसन यांच्या प्रयत्नाने सुरुवात झाली. शालेय संगीताचे शिक्षक तयार करणारी चार वर्षांची पदवी पुढे १९२० नंतरच्या काळात रूढ होत गेली. ही पदवी घेणाऱ्या विद्यार्थ्याला अखेरच्या वर्षाच्या सुमारास स्वतंत्र जाहीर कार्यक्रम करावा लागतो. त्याला 'सीनियर रिसायटल' म्हणतात. रिसायटल म्हणजे मूळ पठण. १८४० साली लंडनमध्ये फ्रान्झ लिस्ट या पियानोवादकाच्या कार्यक्रमासाठी हा शब्द वापरला गेला, तेव्हा पियानोवर पठण कसले करणार, असे लोकांनी विचारले होते म्हणे. शब्द मात्र टिकला.

नियम संस्थेगणिक थोडेफार बदलतात, परंतु सर्वसाधारण चौकट अशी : मैफलीचा कलावंत होऊ इच्छिणाऱ्याला सुमारे एक तासाचा कार्यक्रम करावा लागतो, शिक्षक होऊ इच्छिणाऱ्याला सुमारे अर्ध्या तासाचा. पुष्कळदा दोन विद्यार्थी मिळून एक सायंकाळ वाटून घेतात. रचना एकाच काळातील चालत नाहीत. गायक असेल तर इंग्रजीखेरीज इटालियन, जर्मन, फ्रेंच या भाषांतील गीतेही बसवावी लागतात, आणि त्यांचे उच्चार व अर्थ यांची तयारी वेगळी करावी लागते. गायकाने समोर कागद ठेवावयाचा नसतो, सर्व मुखोद्गत हवे. पियानोची साथ करणारा शोधणे, त्याच्या हाती स्वरलिपी वेळेवर देणे, त्याच्याबरोबर तालमी करणे, सभागृहाची तारीख ठरविणे, कार्यक्रमपत्रिका तयार करणे आणि परभाषेतील गीतांचे अनुवाद श्रोत्यांच्या हाती देणे, हा सारा व्याप बहुतांशी विद्यार्थ्यावरच असतो.

या सर्वांत मला सर्वांत शहाणपणाची वाटते ती पूर्वचाचणी. जाहीर कार्यक्रमापूर्वी काही आठवडे विद्यार्थी प्राध्यापकांच्या एका लहान समितीसमोर कार्यक्रम सादर करतो. समितीला जी रचना हवी ती ऐकवावी लागते. तयारी अपुरी दिसली तर कार्यक्रम पुढे ढकलला जातो. लोकांसमोर फजिती होऊ देऊन मग नापास करण्याची क्रूरता त्यामुळे टळते. शाळेत प्रत्यक्ष शिकविण्याचे सत्र पूर्ण वेळेचे असल्यामुळे हा कार्यक्रम सामान्यतः त्यापूर्वीच उरकावा, असाही दंडक पुष्कळ ठिकाणी आहे.

अर्धा तासच का? १९२४ साली स्थापन झालेली 'नॅशनल असोसिएशन ऑफ स्कूल्स ऑफ म्युझिक' ही संस्था अशा अभ्यासक्रमांना मान्यता देते. तिच्या मार्गदर्शक प्रमाणानुसार भावी शिक्षकाचा सुमारे निम्मा अभ्यास संगीताचा, सुमारे एक तृतीयांश सामान्य विषयांचा आणि १५ ते २० टक्के अध्यापनशास्त्राचा असतो. एवढे ओझे असलेल्याकडून व्यावसायिक कलावंताइतकी तयारी मागणे अन्यायाचे होईल.

यावर आक्षेप असा घेतला जातो की, ज्याला उद्या चाळीस मुलांचे समूहगान बसवावयाचे आहे, त्याची परीक्षा एकट्याच्या गाण्यावरून कशी करावी? आक्षेप अगदीच पोकळ नाही. उत्तम गाणारा वर्गात निष्प्रभ ठरतो, हे आपण पाहतो. पण त्यासाठी अध्यापनाचे सत्र आहेच. रिसायटल दुसरीच गोष्ट पाहते. न जमणारी जागा आठ दिवस घोटून कशी जमवावी, घशाला कोरड पडली असता पहिला स्वर कसा लावावा, साथीदार पुढे गेला तर काय करावे, हे ज्याने स्वतः भोगले आहे, तोच स्नेहसंमेलनात भेदरून उभ्या राहिलेल्या पोराला दोन उपयोगाचे शब्द सांगू शकतो.

आपल्याकडेही ही दृष्टी नवी नाही. पं. विष्णु दिगंबर पलुसकर यांनी ५ मे १९०१ रोजी लाहोरास गांधर्व महाविद्यालय काढले. त्यांच्या शिष्यांपैकी विनायकराव पटवर्धन, नारायणराव व्यास, बी. आर. देवधर ही मंडळी शिकविणारी होती आणि गाणारीही होती. १९३१ साली स्थापन झालेल्या गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या विशारद परीक्षेत मंचप्रदर्शनाचा समावेश आहे. तिकडे लिहिलेली रचना जशीच्या तशी सादर करावयाची. इकडे राग समोर बसून फुलवावयाचा आणि तबल्याशी जमवून घ्यावयाचे. तेव्हा तिकडील नियमांची नक्कल आपल्या उपयोगाची नाही. पूर्वचाचणी मात्र आपल्या संगीत विद्यालयांनी अवश्य घ्यावी.

शाळांसाठी माझी सूचना लहानशी आहे. संगीतशिक्षकाची निवड करताना कागदपत्रे पाहून झाल्यावर त्याला मुलांसमोर वीस मिनिटे गावयास किंवा वाजवावयास सांगावे आणि नंतर त्याच मुलांना एखादे गीत शिकवावयास सांगावे. साथीला तबलजी मिळवून द्यावा. तो नसल्यामुळे उमेदवाराचा रंग जाऊ नये. ज्या गावात संगीताचे विद्यार्थी परीक्षेच्या तयारीत आहेत, तेथील पंचायतीने समाजमंदिर एका सायंकाळपुरते त्यांना मोकळे करून द्यावे. खर्च म्हणाल तर सतरंज्या, तंबोरा, तबल्याची जोडी आणि दिवाबत्ती एवढाच. ध्वनिक्षेपक नसला तरी चालेल.