चहूकडे पाहणारा डोळा

स्टीलचा तांब्या घासून लख्ख केला, की त्याच्या फुगीर अंगावर दार, खिडकी, पंखा आणि आपले वेडेवाकडे तोंड असे सारे घरच उमटते. घाटातल्या वळणावरचा फुगीर आरसा हेच काम करतो. आज मी सांगणार आहे तो कॅमेरा याच युक्तीवर चालतो.

साध्या कॅमेऱ्याला समोरचेच दिसते. यंत्रमानवाने मागचे पाहायला मान वळवावी, तोवर बाजूने कोणी येऊन आदळायचे! म्हणून कॅमेरा वर तोंड करून ठेवायचा आणि त्याच्यावर आरसा टांगायचा, फुगीर बाजू खाली. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातले श्री नायर (‘श्री’ हे त्यांचे नावच आहे) यांनी १९९७ साली मांडलेल्या अशा कॅमेऱ्यात आरसा अन्वस्ताच्या आकाराचा होता. एका ठरावीक बिंदूच्या रोखाने आलेले किरण त्यावरून परतून समांतर खाली उतरतात. चित्र मिळते मेदूवड्यासारखे गोल. मधल्या भोकाच्या जागी कॅमेऱ्याचे स्वतःचेच प्रतिबिंब! किरणांचा रोख एकाच बिंदूकडे असल्यामुळे संगणक ते चित्र बिनचूक उलगडू शकतो.

पण हे फुकट मिळत नाही. ६४० बाय ४८० ठिपक्यांचा कॅमेरा घ्या. गोल चित्राची त्रिज्या २४० ठिपके, परीघ सुमारे १५००. तो ३६० अंशांत वाटला, की एका अंशाला जेमतेम चार ठिपके. दहा मीटरवरच्या मोटारसायकलची वीस सेंटिमीटरची नंबरपाटी पाचएक ठिपक्यांत आटोपते. यंत्रमानवाचे त्यात भागते. समोर कोण आहे याच्याशी त्याला कर्तव्य नाही. कुठे आहे, एवढे कळले की पुरे.

आता आपल्या सोलापूरचे पाहू. संक्रांतीला सिद्धेश्वरांची यात्रा, सात नंदीध्वज, माणसांनी फुललेले होम मैदान. समजा, तिथे एका खांबावर असा डोळा बसवला. गर्दी कुठे तुंबते आहे हे दूरवर बसलेल्या माणसाला चार ठिपक्यांतही कळेल. हरवलेले पोर मात्र त्यात सापडणार नाही. त्यासाठी जोडीला वळणारा, जवळून पाहणारा कॅमेरा हवा, आणि पडद्यासमोर जागा माणूस.

अर्थात ठिपक्यांची ती चणचण आता सरली. आरशाऐवजी अनेक भिंगे एकत्र बसवतात. गुगलचे ‘स्ट्रीट व्ह्यू’ जुलै २०२२ मध्ये भारतात आले ते अशाच चित्रांचे. पहिल्या दहा शहरांत मुंबई, पुणे, नाशिक आणि तेव्हाचे अहमदनगर होते, सोलापूर नव्हते. त्यात चेहरे आणि नंबरपाट्या संगणकाकडून मुद्दाम धूसर करून घेतात. पूर्वी ते काम ठिपक्यांचा तुटवडाच करत असे.

वळणाऱ्या कॅमेऱ्याचे तोंड कुठे आहे ते खालच्या माणसाला दिसते तरी. याला पाठच नाही. म्हणून माझे म्हणणे एवढेच, की यात्रेच्या मैदानात असा खांब रोवण्याआधी दोन गोष्टी विचारून घ्याव्यात : चेहरे पुसण्याचे काम कोणाकडे, आणि चित्रण किती दिवस ठेवणार?