तावदानांचं पुढे काय झालं

(स्नेहमेळाव्यातील भाषणाचा मजकूर)



बाहेरच्या टेबलावरच्या काचेच्या ताटल्या आणि वाडगे सकाळपासून तुम्ही हातात घेऊन बघताय. दोघा-तिघांनी उलटे करून किमतीची चिठ्ठीही शोधली. किंमत नाही. ती आपल्या जुन्या इमारतीच्या खिडक्यांची तावदानं आहेत. ती अशी कशी झाली ते सांगायला संयोजकांनी मला पंधरा मिनिटं दिली आहेत. मी पोटासाठी सॉफ्टवेअर लिहिते आणि काचेचं काम शनिवार-रविवारी करते, त्यामुळे तक्रार असेल तर मंगळवारपर्यंत थांबावं लागेल.

गेल्या वर्षी शाळेने लाकडी खिडक्या काढून ॲल्युमिनियमच्या सरकत्या बसवल्या. चौकटी सागवानी, त्या लगेच विकल्या गेल्या. काचा कुणालाच नको होत्या. शिपाईकाकांनी त्या पोत्यात भरून ठेवल्या आणि आपल्यातल्या एकाला फोन केला, म्हणून त्या माझ्यापर्यंत आल्या. एकूण 64. त्यातल्या 17 तडकलेल्या, बाकी 47 धड. कडेची लांबी दगडासारखी घट्ट झाली होती. ती खरवडण्यात दोन महिने गेले. त्याबद्दल जास्त काही बोलण्यासारखं नाही.

त्या खिडकीतून ध्वजस्तंभाकडे बघत डोकं हलवलं की स्तंभ नागासारखा वळायचा, हे आठवतंय का? शेवटच्या बाकावरच्यांना नक्की आठवत असेल. ती लाट काचेच्या जन्मातूनच आलेली आहे. आज आपल्या घरांना असते ती फ्लोट काच. वितळलेली काच वितळलेल्या कथलावर पसरवतात, म्हणून ती पाण्यासारखी सपाट होते. इंग्लंडमधल्या पिल्किंग्टन कंपनीने ही पद्धत 1959 मध्ये जाहीर केली. आपल्याकडे तशी काच बनायला लागली ती 1990च्या दशकात. त्याआधीची खिडकीची काच वितळलेल्या रसातून पत्र्यासारखी ओढून काढत, आणि त्या ओढण्याच्या रेषा तिच्यात राहत. जुनी काच वर्षानुवर्षं हळूहळू खाली ओघळते म्हणून लाटा येतात असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. खोलीच्या तापमानाला काच ओघळत नाही.

आता एक जुना वाद. आपल्या व्हॉट्सॲप गटावर ठरलं होतं की सगळी तावदानं वितळवून एकच भव्य फलक करायचा, त्यावर बोधचिन्ह कोरायचं आणि तो नव्या सभागृहात लावायचा. मी नाही म्हटलं. काही जणांना राग आला, तो अजून गेलेला नाही हेही मला माहीत आहे. गटावर मी फक्त "जमणार नाही" एवढंच लिहिलं होतं. कारण आज सांगते.

या 47 काचा एका घाण्यातल्या नाहीत. कुठली मूळची, कुठली चेंडूने फुटल्यावर बसवलेली. काही अडीच मिलिमीटर, काही चार. कडेने पाहिलं तर काही निळसर हिरव्या, काही गवती. म्हणजे घडण वेगळी, आणि घडण वेगळी असली की निवताना आकसण्याचं प्रमाणही वेगळं असू शकतं. दोन वेगळ्या काचा भट्टीत एकजीव झालेल्या दिसतात, पण थंड होताना एक जास्त ओढते, दुसरी कमी. फलक त्याच दिवशी फुटला तर एक वेळ बरं. तो तीन महिन्यांनी, सभागृहात, मुलं खाली बसलेली असताना फुटला तर?

शंका खरी आहे का ते तडकलेल्या काचांचे तुकडे जोडून पाहिलं. आतला ताण डोळ्यांना दिसत नाही, पण तो बघायची एक युक्ती आहे, घरी करून बघा. लॅपटॉपचा पडदा पूर्ण पांढरा करायचा. पोलराइज्ड गॉगल त्याच्यासमोर धरून हळूहळू फिरवायचा. एका कोनात पडदा काळा होतो. मग मधे काच धरायची. ताण नसेल तर काळोख तसाच राहतो. ताण असेल तिथे उजेड फुटतो. माझ्या बारा जोडांपैकी सात जोडांच्या सांध्यावर असा उजेड दिसला. त्यातले दोन पुढे कपाटात ठेवल्या ठेवल्या तडकले. म्हणून एका तावदानाची एकच वस्तू हा नियम केला आणि तो कुठेही मोडलेला नाही.

आकार द्यायला मी काच पुरती वितळवत नाही, फक्त वाकवते. साचा म्हणून कुंभाराकडची मातीची परळं. बुडाला बारीक भोक पाडायचं, नाहीतर काचेखाली हवा अडकते. आत चिनी माती आणि ॲल्युमिना यांचा पातळ लेप, म्हणजे काच चिकटत नाही. सपाट काच परळावर झाकणासारखी ठेवायची. साधारण 730 अंशांना ती मऊ होते आणि आपल्याच वजनाने आत बसते. तेच परळ उपडं घालून वरून काच वाकवली तर मात्र ती फुटते. आठवीतलं प्रसरण आठवा, बाई पहिल्याच रांगेत बसल्या आहेत. एका अंशाला एक मीटर लांबीमागे काच साधारण नऊ मायक्रोमीटर आकसते, भाजलेली माती पाचच्या आसपास, स्टेनलेस स्टील सतराच्या आसपास. मातीच्या उपड्या साच्यावर काच आवळत जाते आणि शेवटी तडकते. स्टीलच्या उपड्या पातेल्यावर मात्र पातेलंच आधी आकसतं आणि काच मोकळी होते. टेबलावरचे खोल वाडगे पातेल्यावरचे आहेत, पसरट ताटल्या परळातल्या.

तापवण्यापेक्षा निववणं कठीण. ओगलेवाडीच्या प्रभाकर कंदिलाची काच ज्यांनी घरी पुसली असेल त्यांना हे सांगायला नको. तापल्या काचेवर पाण्याचा एक थेंब पडला की संपलं. बाहेरचा भाग आकसतो, आतला अजून फुगलेलाच असतो. म्हणून भट्टी 550 अंशांवर आली की तासभर तिथेच रोखायची, सगळी काच एका तापमानाला येऊ द्यायची. मग तासाला 60 अंश याच चालीने 400पर्यंत, आणि पुढे बंद भट्टीत आपोआप. रात्री नऊला लावलेली भट्टी दुसऱ्या दिवशी दुपारी उघडायची. झाकण किलकिलं करून आत डोकावायचं नाही. आमच्याकडे भट्टीवर कागद चिकटवलेला आहे, तो मुख्यतः माझ्या नवऱ्यासाठी.

आता नक्षी. चिंचेची पानं, एकोणतीसचा पाढा, गजांच्या सावल्या हे सगळं सँडब्लास्टिंगचं काम. गाड्यांचे नंबर कापून देणाऱ्या रेडियमवाल्याकडून स्टिकर कापून आणायचं, काचेवर चिकटवायचं आणि दाबाच्या हवेने कणांचा मारा करायचा. उघडी काच धुरकट होते, झाकलेली चकचकीत राहते. वाकवण्याआधी मारा केला तर भट्टीत तो धुरकटपणा थोडा विरघळून मऊ दिसतो; नंतर केला तर पांढराशुभ्र, करकरीत. पाढा नंतर केलाय. तो अस्पष्ट असून कसं चालेल!

हे काम द्यायला मी पहिल्यांदा ज्या कारखान्यात गेले, तिथे एक मुलगा तोंडाला रुमाल बांधून उघड्या शेडमध्ये वाळूचा मारा करत होता. वय आपल्या मुलांएवढं. वाळू म्हणजे सिलिका. तिचे कण आदळून फुटले की त्यांची इतकी बारीक धूळ होते की ती फुप्फुसात खोल जाऊन बसते. तो आजार सिलिकोसिस. त्याला उपचार आहेत, पण तो बरा होत नाही. रुमालाने ती धूळ अडत नाही. मध्य प्रदेशातल्या मंदसौरला पाटीवरच्या पेन्सिली कापणाऱ्या कामगारांना हाच आजार झाला, त्यावर अभ्यासही झाले आहेत. आपण पहिली-दुसरीत पाटी-पेन्सिलीवर शिकलो, काही जण ती खायचेही. ती पेन्सिल कापताना कुणाच्या छातीत काय जात होतं हे मला चाळिशीनंतर कळलं.

मी मालकांशी बोलले. "इतकी वर्षं चाललंय, कुणाला काही झालं नाही," असं उत्तर मिळालं. काचा परत आणल्या. पुढे बंद पेटीत हात घालून काम करणारं, वाळूऐवजी ॲल्युमिनियम ऑक्साइड वापरणारं दुसरं ठिकाण मिळालं. काचेची धूळ तिथेही होते, पण ती पेटीतून ओढून घेतली जाते आणि कामगाराला नीट मास्क असतो. दर जवळपास दुप्पट. आपल्या वर्गणीतला मोठा भाग तिथे गेला. खजिनदारांनी हिशेबात त्यापुढे प्रश्नचिन्ह टाकलं होतं, त्याचं उत्तर हे. तुमच्यापैकी ज्यांचे कारखाने आहेत, जे बंगल्याला नक्षीच्या काचा लावताहेत, त्यांनी एकदा शेडमध्ये जाऊन बघावं की मारा कशाचा होतोय.

एका तावदानावर खूप वेळ गेला. कोपऱ्यात दोन अक्षरं आणि 1987 असं कोरलेलं आहे. हे कर्कटकाचं काम नव्हे, कर्कटकाने काच एवढी खोल कोरली जात नाही. काच कापायचा हिराच कुणीतरी आणला असणार. 1987 साली आपण तिसरीत होतो, म्हणजे हा प्रताप आपल्या आधीच्यांचा. नेहमीच्या तापमानाला वाकवलं असतं तर त्या ओरखड्याच्या कडा गोल होऊन अक्षरं पुसट झाली असती. म्हणून ते 680 अंशांवरच ठेवलं आणि पंधरा मिनिटांऐवजी सव्वा तास थांबले. ताटली जेमतेम बोटभर खोल झाली, पण अक्षरं जशीच्या तशी आहेत. सर, तुम्ही तेव्हाही इथेच होता. हस्ताक्षर ओळखता आलं तर सांगा; आता शिक्षा करता येणार नाही.

47पैकी 38 झाल्या. पहिला हक्क शिक्षकांचा, मग शिपाईकाकांचा, उरलेल्या चिठ्ठ्या टाकून. हिरा लावलेली ताटली शाळेत राहील. नऊ तावदानं मी सपाटच ठेवली आहेत. ती वाकवावीत असं मला वाटत नाही. त्यांच्यातल्या लाटा सगळ्यात ठळक आहेत आणि वाकवल्यावर त्या कळणार नाहीत. नव्या ग्रंथालयात मैदानाच्या बाजूला एक सागवानी चौकट करून ती तशीच बसवावीत, असं मी मुख्याध्यापकांना पत्राने कळवलं आहे. त्या पत्रावर दुपारी तुमच्या सह्या हव्या आहेत. कागद वाडग्यांशेजारीच आहे.

आणि वस्तू घरी नेणाऱ्यांसाठी: गरम वरण-आमटी ओतू नका, मायक्रोवेव्हमध्ये ठेवू नका. फळं, फुलं, किल्ल्या चालतील. धुरकट बाजूला तेलकट बोटांचे डाग पडतात; भांड्यांचा साबण आणि जुना टूथब्रश पुरतो. तारेची घासणी लावू नका.