तलावाचा खेळ

मंडळी, आपल्या भंडारा जिल्ह्यात गावोगावी मामा तलाव आहेत. पुष्कळसे कोहळी लोकांनी बांधले. 1951 साली मालगुजारी गेली, तलाव सरकारकडे आले. पाणी धानाला, मासे ढीवरांना. म्हणून तंटे होतात.

आज तंटा नको, खेळ खेळू. जमिनीवर रिंगण काढा, हा तलाव. त्यात 24 चिंचोके, हे मासे. शेतकरीभाऊ, तुम्ही तिघे ढीवर व्हा. ढीवरदादा, तुम्ही शेतकरी व्हा. पाट तुमच्या हाती. सारे पाणी सोडले, तर उरलेले मासे मेले. वर्षाअखेर उरतील तितकेच चिंचोके पुन्हा घाला.

तिघांनी आठ-आठ उचलले, तलाव रिकामा! चार-चार उचलले, तर पुन्हा 24.

आता सांगा, आपल्या तलावातून किती धरायचे? पाणी किती राखायचे? खेळातले चिंचोके परत टाकता येतात. तलावातले बियाणे संपले, तर काय टाकाल?