खाऱ्या पाण्यातील मासा आजारी पडतो तेव्हा



मुंबईच्या मरीन ड्राइव्हवर १९५१ साली तारापोरवाला मत्स्यालय उघडले आणि समुद्रातील रंगीबेरंगी मासे काचेआड पाहण्याची संधी सामान्य माणसाला लाभली. ही हौस पुढे घराघरांत व शाळांतही पोहोचली. वसई-विरारच्या तर उशाशीच समुद्र आहे. तेव्हा खाऱ्या पाण्याची टाकी येथे सहज सांभाळता येईल, असे कोणासही वाटावे. वस्तुस्थिती तशी नाही. उत्तरेस वैतरणा आणि दक्षिणेस वसईची खाडी पावसाळ्यात गढूळ गोडे पाणी समुद्रात आणून ओततात. त्यामुळे किनाऱ्यालगतच्या पाण्याची क्षारता उतरते. प्रवाळांच्या सान्निध्यात वाढणाऱ्या माशांना मात्र लिटरला सुमारे ३५ ग्रॅम क्षार असलेले, स्थिर गुणधर्माचे पाणी लागते.

म्हणूनच माशाच्या आजाराचा विचार पाण्यापासून सुरू करावयास हवा. माशांच्या उत्सर्जनातून व उरलेल्या खाद्यातून अमोनिया तयार होतो. त्याचे प्रथम नायट्राइटमध्ये व नंतर कमी घातक नायट्रेटमध्ये रूपांतर करणारे जिवाणू नव्या टाकीत स्थिरावण्यास चार ते सहा आठवडे लागतात. तोपर्यंत मासे सोडण्याची घाई केल्यास ते रोगाने नव्हे, विषाने मरतात. टाकीतील पाणी आटते, क्षार मात्र तेथेच राहतात. ही तूट खाऱ्या नव्हे, तर क्लोरीनविरहित गोड्या पाण्याने भरून काढावी.

आजाराची चाहूल माशाच्या वागणुकीतून लागते. एरवी खाद्यावर झेप घेणारा मासा कोपऱ्यात राहतो, कल्ले जलद हलवतो, दगडांवर अंग घासतो, पर मिटून घेतो. सर्वच मासे एकाच वेळी पृष्ठभागाशी येऊन धापा टाकू लागले, तर प्रथम हवेचा पंप व पाणी तपासावे. अनेकदा वीज गेल्याने पंप बंद पडलेला असतो. एकाच माशाच्या अंगावर मिठाच्या कणांसारखे ठिपके दिसले, तर परजीवीची शंका घ्यावी. पिठूळ, सोनेरी धुळीसारखा थर दिसल्यास रोग अधिक उग्र समजावा. त्यात थोड्या दिवसांत टाकी ओस पडते.

पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगात एक फसगत होते. काही दिवसांत ठिपके नाहीसे होतात आणि मासा बरा झाला असे वाटते. प्रत्यक्षात परजीवी अंगावरून गळून तळाशी कवच धारण करतो. त्यातून शेकडो नवे जीव बाहेर पडतात व माशांवर पुन्हा हल्ला चढवतात. यास्तव ठिपके दिसताच सर्व मासे वेगळ्या, वाळू नसलेल्या टाकीत हलवावेत. मूळ टाकी किमान सहा आठवडे, शक्य तर अधिक काळ, माशांविना ठेवावी. यजमान न मिळाल्याने परजीवी नष्ट होतात.

ताम्रयुक्त औषध गुणकारी असले तरी त्याची योग्य मात्रा व विषारी मात्रा यांत अंतर थोडे असते. कोळंबी, प्रवाळ यांना तर ते मारकच ठरते. ते केवळ वेगळ्या टाकीत, जाणकाराच्या सल्ल्याने व रोज मोजमाप करूनच वापरावे. अंदाजाने प्रतिजैविके ओतू नयेत. नवा मासा आणल्यावर त्यालाही चार आठवडे वेगळे ठेवावे. ही एक सवय पुष्कळसे आजार दाराबाहेरच थोपवते.

शाळांनी आणखी दोन गोष्टी पाळाव्यात. हाताला जखम असलेल्या विद्यार्थ्याने टाकीत हात घालू नये, कारण माशांतील काही जिवाणू माणसाच्या त्वचेलाही बाधतात. तसेच आजारी मासा किंवा औषधी पाणी खाडीत वा गटारात सोडू नये. मेलेला मासा पुरावा. भारतात १९९४ च्या सुमारास पसरलेल्या, विषाणूजन्य पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगाने कोळंबी शेतीचे अतोनात नुकसान केले. तो रोग निराळा. परंतु पाण्यातील संसर्ग एकदा पसरला की आवरत नाही, हा धडा तोच. पाचूबंदर, नायगाव, अर्नाळा येथील कोळी कुटुंबांची उपजीविका याच पाण्यावर चालते.

टाकीजवळ एक वही ठेवून रोजचे तापमान, क्षारता आणि माशांचे खाणे नोंदवावे. पाच मिनिटांची ही नोंद औषधाच्या बाटलीपेक्षा अधिक मासे वाचवील. आणि सजीवाची जबाबदारी घेणे म्हणजे काय, हे मुलांना पुस्तकाबाहेर शिकवील.